दोन सूत लाकूड खास

आमच्याकडे खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घागर भरतात. घरातली गेलेली माणसं आठवायची, उंबरठ्यावर एकेकाच्या नावाने कुंकवाचं बोट उमटवायचं, भरलेल्या घागरीवर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचं, आंबे ठेवायचे. ज्या वर्षात घरातलं माणूस जातं त्या वर्षीची आखाजी जास्त जड असते. 2025 साली ती 30 एप्रिलला आली आणि मोठी माय आदल्या दिवाळीनंतरच गेली होती. मोठी माय म्हणजे माझी आजी. मार्चच्या शेवटी वडिलांचा फोन आला. म्हणाले, "घागरीजवळ ठेवायला तिचा फोटो पाहिजे. तू कर. तुझ्याकडे कॉम्प्युटर आहे."

मी धुळ्यात शाळेत शिकवते. कॉम्प्युटरवर मार्कशीट करते, फार तर स्नेहसंमेलनाचं आमंत्रण. पण "येत नाही" म्हणायची सोय नव्हती, कारण फोटोही माझ्याचकडे होता. तोही एकच.

2019 साली चुलतभावाच्या हळदीला काढलेला. अंगणातल्या निंबाखाली खाटेवर मोठी माय बसली आहे, पदर डोक्यावर, आणि फोटोच्या बाहेर असलेल्या कुणाकडे तरी बघून हसते आहे. मागे निळा ड्रम, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि कुणाच्या तरी मोटारसायकलचं अर्धं चाक. तिचे बाकीचे फोटो आधार कार्डावर असतात तसे, पोलिसांनी पकडून आणल्यासारखे. हळदीतला तो फोटो ज्याने काढला त्या भावाचा फोन कधीच बदलला होता. उरली होती ती फक्त व्हॉट्सॲपवर आलेली प्रत, 1200 बाय 1600 पिक्सेलची. व्हॉट्सॲप फोटो बारीक करून पाठवतं हे तोवर मला नुसतं ऐकून माहीत होतं. त्याचा हिशोब पुढे चुकवावा लागला.

पहिली चौकट मी मोबाइलवरच केली. तयार फ्रेमचं एक ॲप उतरवलं. गुलाब, बदाम, सोनेरी नक्षी, समया, मोरपिसं, सगळं होतं. दर दोन मिनिटांनी जाहिरात. मी त्यातल्या त्यात शांत वाटणारी गुलाबांची चौकट निवडली आणि घरच्या ग्रुपवर टाकली. पाच मिनिटांत मोठ्या आत्याचा आवाजी निरोप: "हाई काय शे? मायना वाढदिवस शे का?"

बघितलं तर खरंच कोपऱ्यात दोन फुगे होते. मला दिसलेच नव्हते.

मग भाच्याने सांगितलं की इंटरनेटवरून पारदर्शक पीएनजी चौकट घे, मधे मोकळी असते, मागे फोटो सरकवायचा की झालं. तशी एक सापडली, मधल्या जागेत राखाडी-पांढऱ्या चौकड्या दिसत होत्या. चौकड्या म्हणजे पारदर्शक, एवढं त्याने शिकवलं होतं. उघडली तर त्या चौकड्याही चित्रातच छापलेल्या. पारदर्शकपणाचा नुसता देखावा. पुढे ओळखायला शिकले: फाइल जेपीजी असेल तर तिला पारदर्शक भाग असूच शकत नाही, त्या प्रकारात ती सोयच नाही. आणि शोधाच्या यादीत छोट्या चित्रातच चौकड्या दिसत असतील तर बहुधा त्या खोट्या. खऱ्या पीएनजीच्या चौकड्या सहसा फाइल संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडल्यावर दिसतात.

पण या सगळ्या तयार चौकटींची खरी अडचण वेगळी आहे. त्या फोटोच्या वर बसतात. जेवढी चौकट रुंद तेवढा फोटो झाकला जातो. सोनेरी नक्षीने मोठ्या मायच्या डोक्यावरचा पदर खाल्ला, गुलाबांनी हात खाल्ला. मला हवी होती ती फोटोच्या बाहेर वाढणारी चौकट. फोटो जसाच्या तसा आणि भोवती नवी जागा.

त्यासाठी लॅपटॉपवर गिंप नावाचं फोटो-संपादनाचं सॉफ्टवेअर घेतलं. फुकट आहे आणि ऑफलाइन चालतं. त्यात फिल्टर्सच्या यादीत डेकोर नावाचा गट आहे, त्यात बॉर्डर लावण्याची सोय: आडवी किती पिक्सेल, उभी किती, रंग कोणता, आणि रंगात किती फरक ठेवायचा. हा फरक म्हणजे चारही बाजूंना एकाच रंगाच्या कमी-जास्त छटा, त्यामुळे कड उंचावल्यासारखी भासते. न बदलता ठेवलं तर निळी कड येते. मोठ्या मायभोवती ती स्टीलच्या ताटाची कड वाटली. पण एक बरं झालं, ही बॉर्डर फोटोच्या बाहेर वाढते, एक केसही झाकत नाही. मी पंधरा पिक्सेलची साधी काळी कड लावली. छान दिसली. काळ्या फ्रेममधले आबा, म्हणजे माझे आजोबा, भिंतीवर आहेतच, त्यांच्या शेजारी शोभेल असं वाटलं. फाइल लॅबला पाठवली, बारा बाय पंधरा इंच.

प्रिंट हातात आली तेव्हा डावी-उजवी कड होती आणि वरची-खालची गायब. मोठी माय दोन रुळांच्या मधे बसल्यासारखी.

लॅबवाल्याला मी बरंच बोलले. त्याने शांतपणे फूटपट्टी काढली. मोबाइलचा फोटो तीनास चार, बारा बाय पंधराचा कागद चारास पाच. बारा इंच रुंदी भरायची तर फोटो जवळजवळ सोळा इंच लांब होतो, आणि कागद तर पंधराच. मशीन कागद पूर्ण भरतं, उरलेलं वर-खाली कापतं. त्यात माझी चार मिलिमीटरची कड तर गेलीच, वर निंबाची फांदी आणि खाली खाटेचा पायही गेला. शिवाय कागदाच्या कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून मशीन चित्र किंचित मोठंही करतं, म्हणजे माप बरोबर असतं तरी कडेलगतची बारीक रेघ चारही बाजूंना सारखी आली असती याची खात्री नाही. "मॅडम, कडेला कधी बारीक बॉर्डर द्यायची नाही," तो म्हणाला. "एकतर जाड द्या, नाहीतर देऊच नका." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. वर्गात मुलांना समासाबद्दल मी वेगळं काय सांगते?

दुसऱ्यांदा मी शहाणी होऊन गेले. आधी चारास पाच मापाचा कोरा पांढरा कॅनव्हास घेतला, त्यात मधे फोटो ठेवला, आणि अगदी बाहेरच्या कडेला पाव इंचाची मरून पट्टी. पाव इंच म्हणजे लॅबवाल्याच्या भाषेत जाड. प्रिंट सरळ आली, चारही बाजू सारख्या. आनंदाने ती अमळनेरला फ्रेमवाल्याकडे नेली. आमचं गाव तिथून जवळ आहे, आबांचा फोटोही त्याच्याच वडिलांनी मढवला होता. त्याने लाकडी पट्टीचा नमुना उलटा करून दाखवला. मागच्या बाजूला आतल्या कडेला खाच असते, तिच्यात काच, फोटो आणि पाठीचा हार्डबोर्ड बसतो. खाचेत बसलेला भाग पुढून दिसत नाही.

"ताई, दोन सूत लाकूड खास."

खास म्हणजे खातं. आमच्या अहिराणीत असंच म्हणतात. आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा दोन सूत म्हणजे पाव इंच. माझी पट्टी पाव इंच. ती अख्खी लाकडाच्या पोटात जाणार होती. त्याने प्रिंटवर नमुन्याची पट्टी धरून दाखवली: मरून रंग औषधालाही उरला नाही.

मी तिथेच टपरीवर चहा घेतला आणि विचार केला. एप्रिलचा पहिला आठवडा होता, अमळनेरात दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नव्हतं. तोवर मी बॉर्डर म्हणजे दागिना समजत होते. फोटो तयार झाला की शेवटी वरून घालायचा. इथे तर लॅब कापणार, लाकूड खाणार, आणि मग जे उरेल ते डोळ्याला दिसणार. म्हणजे उलटं, भिंतीकडून फोटोकडे यायला हवं होतं. फ्रेमवाल्याकडून दोन सूत, लॅबसाठी थोडी सूट, मग पुढचं.

त्या वहीतला हिशोब सांगते, कारण तो जुळला तेव्हा मला दहावीच्या निकालाएवढा आनंद झाला होता. छपाईसाठी इंचाला 300 पिक्सेल धरतात. बारा बाय पंधरा म्हणजे 3600 बाय 4500. सगळ्यात बाहेर चार सूत, म्हणजे 150 पिक्सेल, कोरा समास: दोन सूत लाकडाला, दोन सूत डोळ्याला. त्याच्या आत सजावटीची पट्टी, तीही 150. आत उरली 3000 बाय 3900 ची जागा. आता फोटो. 1200 बाय 1600 चा फोटो एवढ्या जागेत ताणला असता तर मोठ्या मायच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जाऊन लोणी फासल्यासारखं झालं असतं. मी तो फक्त दुप्पट केला, 2400 बाय 3200. म्हणजे कागदावर आठ इंच रुंद आणि पावणेअकराला थोडा कमी. खरे पिक्सेल इंचाला दीडशेच पडतात, पण भिंतीवरचा फोटो कुणी नाक लावून बघत नाही. डावी-उजवीकडे तीनशे-तीनशे पिक्सेल मोकळे राहिले, वर तीनशे, खाली चारशे.

खाली जास्त का, तर फ्रेमवाला तसंच करतो. फोटोभोवती जाड पुठ्ठ्याचा माउंट लावताना तो खालची बाजू थोडी रुंद कापतो. अगदी मधोमध ठेवलेला फोटो खाली घसरल्यासारखा दिसतो, असं तो म्हणाला. घरी येऊन दोन्ही करून बघितलं. खरं आहे.

आणि हेही तेव्हाच उमगलं की भोवतीची ही मोकळी जागा माझी अडचण झाकत होती. फोटो लहान होता म्हणून बॉर्डर मोठी हवी होती. पिक्सेल कमी असलेल्या फोटोला बारा बाय पंधराच्या भिंतीपर्यंत नेण्याचा तो प्रामाणिक रस्ता आहे. उगाच ताणून धूसर करण्यापेक्षा किंवा आता निघालेल्या प्रोग्रॅमकडून नसलेल्या पापण्या काढून घेण्यापेक्षा बरा. एका प्रोग्रॅमने तिचा चेहरा स्वच्छ करून दिला होता. सुंदर बाई होती. आमची मोठी माय नव्हती.

आता पट्टीत काय भरायचं हा प्रश्न. नुसता मरून रंग भरून बघितला, बँकेच्या कॅलेंडरसारखा दिसला. वेलबुट्टीच्या तयार पट्ट्या आणल्या, लग्नपत्रिका झाली. शनिवारी गावी गेले होते, तेव्हा आई मोठ्या मायची पेटी उन्हाला लावत होती. त्यात एक हिरवं लुगडं निघालं, रुईफुली काठाचं, काठ मरून. तिथे ते ठरलं.

मोठ्या आत्याला पटलं नाही. "आबा गया तवयपाईन ती हाई लुगडं नेसनी नही," म्हणाली. विधवा बाईच्या फोटोला तो काठ कसा लावायचा, हा तिचा मुद्दा. धाकटी आत्या लसूण सोलत होती. तिने वर न बघता उत्तर दिलं, "नेसनी नही, पन फेकंबी नही." वडील काहीच बोलले नाहीत, आणि आमच्या घरात वडील काही बोलले नाहीत म्हणजे परवानगी.

आधी मोबाइलने काठाचा फोटो काढला. नाही जमलं. कापड कितीही ताणा, मोबाइल किंचित तिरका असतोच, आणि काठाचं एक टोक जाड, दुसरं बारीक येतं. म्हणून लुगडं पिशवीत घालून धुळ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. "स्कॅन करायचं आहे." "द्या." मी लुगडं काढलं. त्या पोराने आधी लुगड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे. पण हात मात्र नीट चालवला त्याने. काच पुसली, काठ काचेवर सरळ ठेवला, वर पांढरा कागद, मग झाकण दाबून धरलं. 300 ला स्कॅन. झेरॉक्सच्या काचेवर काठाचा धागा न धागा दिसतो, डोळ्यालाही कधी दिसला नव्हता असा. पैसे एका पानाचेच घेतले.

काठ दोन इंच रुंद, म्हणजे स्कॅनमध्ये 600 पिक्सेल. मला हवा 150. चौपट लहान केला तर त्यावर पाण्यासारख्या लाटा उमटल्या. बारीक विणीचं चित्र लहान करताना धाग्यांच्या रेघा आणि पिक्सेलच्या रेघा एकमेकींशी भांडतात, त्यातून या लाटा निघतात. उपाय सोपा निघाला: लहान करण्याआधी चित्र अगदी हलकं धूसर करायचं. लाटा गेल्या, फुलं राहिली.

मग नग पाडायचा. नग म्हणजे काठाचा तो तुकडा, जो एकापुढे एक लावत गेलं की पट्टी होते. फुलाच्या मधून नाही, दोन फुलांच्या मधल्या रिकाम्या जागेतून कापायचं. मी पहिला नग अंदाजाने 160 पिक्सेलचा कापला. पट्टीची बाहेरची रुंदी 3300. त्यात 160 चे वीस नग बसतात आणि वर शंभर पिक्सेल उरतात. म्हणजे एका टोकाला फूल कापलं जाणार. 150 केला की आडवे बरोबर बावीस बसतात, आणि उभ्या 4200 मध्ये बरोबर अठ्ठावीस. मापं ठरवताना समास 150 चा घेतला तो केवळ चार सुतांमुळे, पण त्या आकड्याने पुढचं सगळं सोपं केलं. कधी कधी गणित आपल्यावर खूश असतं.

एकच फूल शंभरेक वेळा लावलं तर पट्टी बाथरूमच्या टाइल्ससारखी दिसते. लुगड्याचा काठ असा नसतो. मागावरचं कुठलंच फूल शेजारणीसारखं नसतं, एखादं फुगीर, एखादं दबलेलं. म्हणून मी दोन फुलांचा एक नग केला, 300 पिक्सेलचा. लगेच जिवंत वाटायला लागला. त्या दोनपैकी एका फुलावर पिवळसर डाग होता, बहुतेक हळदीचा, आणि तो मला आवडला होता. पण पट्टी भरून झाल्यावर बघते तर डाग सेहेचाळीस! एका बाईला एवढी हळद कोण लावतं? क्लोन टूल घेऊन मूळ नगातलाच पुसला आणि पुन्हा भरलं.

भरायची रीत गिंपमध्ये सोपी आहे. नग कॉपी केला की तो पॅटर्न म्हणून वापरता येतो, आणि बादलीने भरताना रंगाऐवजी पॅटर्न निवडायचा. चारही बाजूंच्या पट्ट्या वेगवेगळ्या लेयरवर, म्हणजे सुट्या थरांवर, ठेवल्या. उभ्या बाजूंसाठी नग नव्वद अंशांत फिरवून घ्यायचा, आणि प्रत्येक बाजूला काठाची आतली कड फोटोकडेच यायला हवी, हे विसरायचं नाही. मी विसरले होते. डावीकडची फुलं बाहेर बघत होती.

खरं अडलं ते कोपऱ्यात. लाकडी फ्रेमचे कोपरे पंचेचाळीस अंशांत कापून जुळवतात, फ्रेमवाल्याकडे त्यासाठी वेगळी कटिंग असते. मी तेच केलं, दोन्ही पट्ट्या तिरक्या कापून जोडल्या. कोपऱ्यात अर्ध्या फुलाला अर्धं फूल चिकटलं, आणि जे झालं ते फूल नव्हतं, खेकडा होता. मी नग सरकवून बघितला, उलटा करून बघितला. वरचा-डावा कोपरा जमला की वरचा-उजवा बिघडायचा. तीन रात्री त्यात गेल्या. एका रात्री लाइट गेली, लॅपटॉपची बॅटरी आधीच मेलेली, आणि तासाभराचं काम गेलं. तेव्हापासून दर दहा मिनिटांनी सेव्ह करते, तेही गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारात, कारण जेपीजीत काढलं की लेयर एक होऊन जातात आणि मग कुठलीच पट्टी सुटी धरता येत नाही.

अडचण माझ्या हाताची नव्हती, काठाचीच होती. लुगड्याचा काठ वळण्यासाठी विणलेलाच नसतो. तो नऊ वार सरळ जातो आणि पदराला भेटला की संपतो. त्याला कोपरा ठाऊकच नाही.

रविवारी धाकट्या आत्याला फोनवर हे रडगाणं सांगितलं. तिला पिक्सेल वगैरे काही कळलं नसणार, पण कोपरा कळला. "गोधडीना कोपराले आम्ही पट्टी वाकाडतस का? तुकडा लावतस." गोधडीच्या कडेची पट्टी कोपऱ्यापाशी थांबवायची, आणि कोपऱ्यात वेगळा चौकोनी तुकडा.

त्याच रात्री लुगड्याच्या पदरावरची एक बुट्टी स्कॅनमधून घेतली (पदराचा थोडा भाग त्या पोराने आपणहून स्कॅन केला होता, देव त्याचं भलं करो), 150 बाय 150 चा चौकोन केला आणि चार कोपऱ्यांत ठेवला. कोपरे गेले की आडव्या बाजूला वीस फुलं उरतात, उभ्या बाजूला सव्वीस. दोन्ही आकडे दोनने भागले जातात, म्हणजे दोन फुलांचा नगही न तुटता बसतो, आडवे दहा, उभे तेरा. रात्री साडेबाराला मी एकटीच हसले.

फोटो आणि काठ यांच्या मधली मोकळी जागा पांढरी ठेवली होती. पांढऱ्यावर काठ ओरडत होता. सायीचा रंग दिला, ते बसलं. निळ्या ड्रमाचं काय करायचं यावर घरात मतदान झालं. भाचा म्हणाला काढून टाकू, दोन मिनिटांचं काम. मी त्याचा रंग थोडा फिका केला आणि राहू दिला. पाण्याच्या ड्रमाशिवाय आमचं अंगण कुठलं? मोटारसायकलचं चाक मात्र काढलं.

खाली चारशे पिक्सेलच्या जागेत तिचं नाव. जन्मसाल लिहावं म्हणून आधार कार्ड बघितलं, तर तारीख एक जानेवारी. त्या पिढीतल्या निम्म्या गावाचा जन्म एक जानेवारीचा आहे. त्यावर विश्वास ठेवायला कुणी तयार नव्हतं, वडीलसुद्धा. म्हणून नुसतं नाव, दुसरं काही नाही.

या वेळी लॅबमध्ये आधी चार बाय सहाच्या कागदावर नमुना काढून घेतला. बरं झालं. मोठ्या मायचा चेहरा हिरवट आला होता. मशीन आपणहून रंग सुधारतं: चित्रात मरून जास्त दिसला की त्याला वाटतं फोटो लाल पडला आहे, आणि ते त्याच्या उलट ढकलतं. काठाची शिक्षा चेहऱ्याला. "करेक्शन बंद ठेवा" सांगितलं, आणि फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न देता डॉक्युमेंट म्हणून दिली, नाहीतर बारा बाय पंधराचं सगळं गणित पुन्हा सोळाशे पिक्सेलमध्ये कोंबलं गेलं असतं. मोठी प्रिंट आली ती जशी हवी तशी.

भाच्याचं एक प्रकरण इथे सांगायलाच हवं. तो इंजिनीअरिंगला आहे. सगळ्या आत्यांना आणि बहिणींना आखाजीला माहेरी आल्यावर जुन्या फोटोंचा संच द्यायचा, सगळ्यांना सारखी पांढरी कड, अशी कल्पना निघाली. त्याने हाताने करायला नकार दिला. इमेजमॅजिक नावाचा प्रोग्रॅम आहे, त्यात मॉग्रिफाय म्हणून आज्ञा आहे, एका ओळीत अख्ख्या फोल्डरला बॉर्डर लागते. "मावशी, बघ." एंटर दाबलं. दोन सेकंदांत काम झालं. त्याला वाटलं काही झालंच नाही, म्हणून पुन्हा दाबलं. मग फोल्डर उघडलं तर प्रत्येक फोटोला दुहेरी बॉर्डर, आणि मूळ फोटो कुठेच नाहीत, कारण ती आज्ञा नवीन प्रत करत नाही, मूळ फाइलच बदलते. नशिबाने माझ्या पेनड्राइव्हमध्ये प्रती होत्या. त्यानंतर त्याने दोन दिवस मला चहा करून दिला.

या सगळ्या दिवसांत मला चाळीसगावची एक सहल आठवत होती. छायाचित्रकार केकी मूस यांच्या घरी मुलांना नेलं होतं, तिथे आता त्यांचं संग्रहालय आहे. टेबलावर वस्तू मांडून त्यांनी केलेली छायाचित्रं बघताना मी त्यांच्या चौकटी कशा आहेत हे बघितलंच नव्हतं. आता गेले तर आधी तेच बघेन, आणि बहुतेक फोटो बघायचे राहतील.

फ्रेमवाल्याने 28 तारखेला फ्रेम दिली. त्याने बारीक सागवानी पट्टी लावली होती. लाकडाने आपले दोन सूत खाल्ले, दोन सूत साय रंगाची रेघ उरली, मग काठ. त्याने काचेवर फुंकर मारून कापडाने पुसलं आणि विचारलं, "हाई लुगडानं शे ना?" त्याचा बाप आबांचा फोटो मढवायला आला होता तेव्हा मोठी माय बोलली होती म्हणे, पट्टी रंगीत नको. ते मला माहीत नव्हतं.

आखाजीच्या सकाळी घागर मांडली. वडिलांनी उंबरठ्यावर बोटं उमटवली, शेवटचं तिच्या नावाचं. फोटो चौरंगावर ठेवला आणि मोठ्या आत्याने पिशवीतून हार काढला. झेंडूचा, हातभर जाड. तो तिने फ्रेमला घातला आणि वरचा काठ, दोन्ही वरचे कोपरे, बुट्ट्या, साय रंगाची रेघ, सगळं झेंडूत गेलं. बाजूचा काठही निम्मा गेला. खालची पट्टी तेवढी उघडी राहिली, डागाविना, वीस फुलांची.

आत्या खाली बसली, पदराने काचेवरचं पाणी टिपलं आणि बोट ठेवून ती फुलं एक-एक मोजली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मना फोटोले जांभळा काठ लावजो."